शेषदान

राज्य चालवायचे तर प्रजेकडून काही घ्यावे लागते. ते कोणत्या हातातून घ्यावे, हा धर्माचा प्रश्न आहे. जो हात पेरतो, शिवतो, शिकवतो त्या हातातून घ्यावे, की जो हात सर्वांच्या समाईक साठ्यातून उचलून आपल्या तोंडाकडे नेतो त्या हातातून? दीर्घकाळ आपण पहिल्या हातातून घेत आलो. श्रमाचे फळ दारात येण्यापूर्वीच त्यातला एक भाग कापला जाई. पुढे ते बदलले. श्रम करमुक्त झाले आणि भोगावर कर बसला. मला तो बदल न्याय्य वाटला होता, आणि आज, या वयात हे लिहीत असतानाही, त्याला अन्याय म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. परंतु न्याय्य गोष्टीच्या सावलीतही एखादे माणूस वाळत जाऊ शकते. तसे मी पाहिले आहे, आणि त्या वाळण्याला मीच व्रताचे नाव दिले होते.

आयकर का गेला, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. निम्म्याहून अधिक कामे यंत्रे करू लागली, आणि यंत्राला पगार नसतो. उरलेल्या माणसांचे उत्पन्न कोणत्या देशात जन्मते आणि कोणत्या देशात जाऊन निजते, याचा माग काढणे अशक्य झाले. तेव्हा असे ठरले की माणसाने काय मिळवले हे विचारूच नये. काय वापरले तेवढे विचारावे. मिळवणे लपवता येते. खाणे, राहणे, ऊब किंवा थंडावा घेणे हे देहाला करावेच लागते, आणि देह कोठेतरी असतोच.

दुकानावर सरसकट कर लावला तर गरिबाच्या भाकरीवर आणि धनिकाच्या मेजवानीवर सारखाच दर बसतो, ही जुनी तक्रार होती. तिच्यावरचा उपाय म्हणजे मापी. प्रत्येक विकाऊ खाद्यवस्तूत ती तयार होतानाच एक निरुपद्रवी कृत्रिम रेणू मिसळला जाऊ लागला. त्याला चव नाही, वास नाही. पण धान्याचा वेगळा, तेलाचा वेगळा, मिठाईचा वेगळा. पोटात गेलेल्या रेणूचा अत्यल्प अंश घामावाटे बाहेर येतो. मनगटाच्या आतल्या बाजूस चिकटवलेली नाण्याएवढी चकती, म्हणजेच मापी, तो अंश मोजते आणि त्या देहाने काय व किती खाल्ले ते सांगते. तीच चकती माणूस कोणत्या खोलीत बसला आहे हेही जाणते. म्हणून दिवा, पंखा, शीतयंत्र यांची वीज त्या त्या वेळी खोलीत असलेल्या माणसांच्या नावे पडते. या सर्व भोगांना एकच माप: मात्रा. दर माणसाला दर महिन्याला शंभर मात्रा करमुक्त. त्यापुढे पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर दर अधिक चढा. ज्याला चढायचे त्याने कर आगाऊ भरून चढावे. न भरल्यास वीज आपोआप मंदावते. शिक्षा नाही, दंड नाही, दारात अधिकारी नाही. इतका सौम्य कर पृथ्वीवर पूर्वी झाला नसेल.

या कायद्याला मराठी शब्द देण्यासाठी नागपुरात एक परिभाषा समिती बसली होती. मी अमरावतीच्या संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालो होतो; मला तेथे बोलावणे आले. आयकर खात्यातून निवृत्त झालेले पुंडलिकराव खानझोडे हेही तेथे होते. उंच, हाडापेराचे मजबूत, देवाधर्माला हसणारे गृहस्थ. आम्ही दोघे अमरावतीहून एकाच गाडीने जात असू, आणि जाता-येता भांडत असू.

"शंभर मात्रांच्या वर जाणारा प्रत्येक माणूस चैनी असतो असं तुम्ही धरून चालता, शास्त्रीबुवा," ते एकदा म्हणाले. "कधी तो नुसता आजारी असतो."

"औषधं करमुक्त आहेत की."

"आजार म्हणजे नुसतं औषध, असं तुमच्या वेदात लिहिलंय का?"

मी हसून विषय सोडला. त्याच दिवशी समितीपुढे एक दयाळू कलम आले होते. म्हातारी माणसे थोडे खातात, थोडे वापरतात. त्यांचा उरलेला भाग वाया का जावा? एका चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबात तो दुसऱ्याला देता यावा. त्या देण्याला शब्द हवा होता. मी 'शेषदान' हा शब्द सुचवला. सभागृहात सर्वांनी माना डोलावल्या. त्या दिवशी घरी जाताना मला फार समाधान वाटले होते, हे मी लपवत नाही.

*

पुंडलिकरावांच्या पत्नी कुमुदवहिनी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. मेळघाटातली गवते हा त्यांचा विषय. तीस वर्षे त्या त्या डोंगरांतून हिंडल्या. गवताची प्रत्येक जात मुळासकट उपटून, दाबून, वाळवून जाड कागदावर टाके घालून बसवली. पुढे ऊन वाढत गेले तशा त्यांतल्या कित्येक जाती डोंगरावरून नाहीशा झाल्या आणि फक्त वहिनींच्या कागदांवर उरल्या. परंतु शेकडो कागदांवर नावाची चिठ्ठी लिहायची राहून गेली होती. कोणते गवत कोणत्या उतारावर, कोणत्या ओढ्याकाठी मिळाले, हे त्यांच्या स्मरणातच होते.

लिहायचे राहिले ते आजारामुळे. आपल्या शरीरातल्या मज्जातंतूंवर एक वेष्टन असते. विजेच्या तारेवर असावे तसे. वहिनींच्या शरीराने ते वेष्टन स्वतःच जागोजागी कुरतडले होते. अशा उघड्या तंतूंतून संदेश कसाबसा जातो, आणि अंगाचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले तरी वाटेतच विरतो. मग बोटे वळत नाहीत, दृष्टी धुरकट होते, जीभ जड पडते. खोली बावीस अंशांवर ठेवली की तीच बाई ताठ बसून लेखणी चालवते. औषध असे फारसे नाही. थंडावा हेच औषध. पण कायद्याच्या यादीत औषध म्हणजे द्रव्य. गार हवा हे द्रव्य नव्हे; ती सुखसोयींच्या वर्गात मोडत होती. रुग्णालयातला थंडावा करमुक्त होता खरा, पण तेथे खाट आठ दिवसांपुरती मिळे, आणि गवताचे कागद तेथे नेता येत नसत.

मूलबाळ नव्हते. पहिल्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांनी ठेव मोडून कर भरला. दुसऱ्या उन्हाळ्यात बडनेरा रस्त्यावरचा भूखंड विकला. तिसरा उन्हाळा आला तो अधिक ज्येष्ठ घेऊन. अमरावतीचा पारा सत्तेचाळिसाच्या खाली येईना.

अधिक महिना लागायला चार दिवस असताना सकाळीच ते माझ्या खोलीवर आले.

"शास्त्रीबुवा, तुमच्या या जादा महिन्यात लोक उपास-तापास करतात ना?"

"करतात. पुरुषोत्तम मास आहे."

"सगळ्यांत कडक कोणता?"

मी चष्मा काढला. "प्रकृती बरी आहे ना तुमची?"

"का? माणसानं म्हातारपणी सुधारू नये की काय?"

बारा वर्षांच्या वादानंतर हे वाक्य ऐकून माझ्या मनाची काय अवस्था झाली ते शब्दांत सांगता येणार नाही. मी त्यांना आसन दिले. एकभुक्त व्रत सांगितले: दिवसातून एकच भोजन.

"एकदा, पण किती?"

"पोटभर."

"मग त्यात कसला कडकपणा? पुढचं सांगा."

"नक्त. दिवसभर निराहार, सायंकाळी नक्षत्रं दिसल्यावर भोजन."

"पुढचं."

"धारणे-पारणे. एक दिवस निराहार, दुसऱ्या दिवशी जेवण. पण पुंडलिकराव, एकाहत्तराव्या वर्षी..."

"हेच. लिहून घेतो." त्यांनी खिशातून वही काढली. आयुष्यभराची सवय, कलम, उपकलम. "जेवायच्या आधी गाईला काही देतात ना?"

"गोग्रास. ताटातला पहिला घास."

"घास केवढा असावा, याला काही मर्यादा?"

मला कौतुक वाटले. "देणाऱ्याच्या श्रद्धेएवढा."

तेही त्यांनी लिहून घेतले. मग विचारले, "आणि उन्हात बसण्याचंही काही पुण्य असतं म्हणे?"

"ग्रीष्मात थंडावा सोडणं हे तपच मानलं आहे. पण अंगाला सोसेल तेवढंच."

"अंगाचं मी बघतो," ते म्हणाले. संकल्पासाठी त्यांनी तळहात पुढे केला, मी त्यावर पळीने पाणी घातले, आणि त्या नास्तिक माणसाने मंत्राचा एकेक शब्द माझ्यामागून शुद्ध उच्चारला. निघताना हसून म्हणाले, "बघा हं, खात्यात परत अपील चालणार नाही."

मी ही वार्ता मंदिरात सांगितली. सांगायला नको होती. आठ दिवसांत लोक त्यांच्या ओसरीवर दर्शनाला जाऊ लागले. कोणी शाल पांघरली, कोणी श्रीफळ दिले. आयकर खात्यातला माणूस आणि एवढे कडक व्रत! भर उन्हात, कडुनिंबाच्या विरळ सावलीत, ओला पंचा डोक्यावर घेऊन ते बसत आणि पाया पडणाऱ्यांना म्हणत, "अहो, नमस्कार शास्त्रीबुवांना करा. सल्ला त्यांचा."

मी गेलो तेव्हा वहिनी काचेच्या दाराआड, थंड खोलीत, मेजावर वाकून लिहीत होत्या. अक्षर मोत्यासारखे. बाजूला लिहून झालेल्या कागदांची चळत.

"भावजी, या ना आत. बघा, आज सतरा झाले. अजून तीनशे राहिलेत." त्यांनी काचेतून बाहेर पाहिले. "यांना देव लागला हो म्हातारपणी. आत या म्हटलं तर व्रत मोडतं म्हणतात."

"थोर भाग्य आहे तुमचं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि पुन्हा लेखणी उचलली.

*

त्यांच्याकडे वहिनींची उठबस करायला संगीताबाई येत. व्रताचा पंधरावा दिवस होता. मी फाटकाशी पोचलो तो त्यांनी मला बाहेरच थांबवले.

"शास्त्रीजी, एक इचारू का? रागावू नका बाप्पा."

"विचारा."

"तुमच्या त्या पोथीत गायीले सारं ताट द्याव लागते का जी?"

मला अर्थ कळेना.

"बाबूजी पारण्याच्या दिवशी ताट वाढून घेतात, अन् अर्ध्याहून जास्ती उचलून त्या चौकातल्या गायीले घालतात. मी म्हटलं, बाबूजी, मले द्या, मी घरी नेते. तं म्हणे, संगीता, तू खाल्लं तं तुह्या नावावर पडते. गायीच्या पायात मापी नाही." त्या पदराने तोंड पुसू लागल्या. "गाय पाहा कशी झाली अन् बाबूजी पाहा कसे झाले. काल न्हाणीत धरून धरून चालत होते. बाईले सांगू नको म्हणतात. मी सांगू का नको सांगू, तुमीच सांगा."

फाटकापासून ओसरीपर्यंत पंधरा पावले असतील. ती चालताना त्या सकाळी त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न माझ्या कानांत पुन्हा उमटला. घास केवढा असावा? उन्हाचे पुण्य असते का? मी भक्ती पाहत होतो. समोर हिशेब मांडला जात होता.

पुंडलिकराव डोळे मिटून बसले होते. गालफडे आत गेली होती. मी त्यांचे मनगट हातात घेतले आणि उलटे केले. चकतीवर आकडे होते: या महिन्याचा वापर, सहा. शेषदान, चौऱ्याण्णव.

"सोडा हात," ते डोळे न उघडता म्हणाले. "दर्शनाची वेळ संपली."

"हे काय चालवलं आहे तुम्ही?"

"हळू बोला. ती आत आहे." त्यांनी डोळे उघडले, ते मात्र पूर्वीसारखेच मिस्कील होते. "खोलीला एकशे पासष्ट लागतात, मी आत बसलो की अंगाच्या उबेनं आणखी, म्हणून मी बाहेर; तिच्या जेवणाखाण्याला पंचवीस. एकशे नव्वद. शंभर तिचे स्वतःचे. नव्वद कुठून आणू? माझ्याकडे शंभर आहेत. दहा मला. साबण, दिवा, कपडे यांत पाच जातात. मग उरतं काय? एका दिवसाआड अर्धं जेवण. तुमच्या शास्त्रात ते नेमकं बसत होतं, म्हणून तुमच्याकडे आलो."

"मला फसवलंत."

"नाही हो. कायदा मोडला नाही, शास्त्र मोडलं नाही. सांगा, कोणतं कलम लावता?"

मी म्हणालो, आजारी माणसाने, अशक्ताने उपवास मोडला तरी व्रतभंग होत नाही; औषधाने होत नाही, गुरूच्या आज्ञेने होत नाही. मी आज्ञा करतो, आता उठा आणि जेवा.

"गुरू? तुम्ही माझे गुरू कधीपासून?" ते हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. "शास्त्रीबुवा, मी नुसता खात नाही म्हटलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी यंत्र बंद केलं असतं. व्रत म्हटलं म्हणून ती गप्प आहे. तिला सांगाल तर तिचे हात थांबतील, आणि ते कागद मुके राहतील. मग तुम्ही मला वाचवलंत असं म्हणा, हवं तर."

मी माझ्याजवळ होते ते सारे आणून कर म्हणून भरण्याची तयारी दाखवली, आणि त्यांच्या नकाराला न जुमानता भरलेही. चढत्या पायरीच्या दराने त्याचा चार दिवसांचा थंडावा झाला. त्या चार दिवसांत ते दोन्ही वेळा जेवले; संगीताबाईंनी मला निरोप धाडला की बाबूजींनी वरण मागून घेतले. पाचव्या दिवशी ते पुन्हा ओसरीवर होते.

एकट्या माणसाला लागते तरी किती? माझ्या स्वतःच्या शंभर मात्रांतल्या अठ्ठावन्न दर महिन्याला उरत होत्या. महिना संपला की त्या आपोआप राज्याच्या कोशात विलीन होत. त्या मला त्यांना देता येत नव्हत्या, कारण आमची चूल एक नव्हती.

*

उपभोगकर विभागाच्या अमरावती कार्यालयात मी गेलो. तेथील अधिकारी एक तिशीतली बाई होती. तिने उठून मला नमस्कार केला, पाणी दिले, सर्व शांतपणे ऐकून घेतले.

"मी त्यांच्या घरी राहायला जातो," मी म्हणालो. "एका चुलीवर जेवतो. मग माझं शेष त्यांना देता येईल?"

"नातं काय लिहू, शास्त्रीजी?"

"स्नेही."

तिने समोरच्या पडद्यावर पाहिले. "रक्ताचं, विवाहाचं किंवा दत्तक. स्नेही हा पर्याय इथे नाही. तो ठेवला असता तर श्रीमंतांनी गरिबांचे भाग विकत घेतले असते. पहिल्या वर्षी तसं झालंही होतं. लोक उपाशी राहून विकत होते."

तिचे म्हणणे खरे होते.

"आणि गार हवेला औषध मानण्याबद्दल?"

"अर्ज करा. चार हजारांवर अर्ज आहेत. समिती पावसाळ्यानंतर बसेल." तिने कोरा अर्ज पुढे केला; मी त्यावर नाव लिहिले. "मला खरंच वाईट वाटतं. माझी सासू अशीच करते, नातवासाठी. आम्ही कितीही सांगितलं तरी तिला भूक नसते." मग माझ्या अर्जावरचे नाव वाचून तिचा चेहरा उजळला. "शेषदान हा शब्द तुमचाच ना? आम्हाला प्रशिक्षणात शिकवला होता. फार सुंदर शब्द आहे."

मी तिचे आभार मानून बाहेर आलो.

त्या दिवशी मी ठरवले की पुंडलिकरावांची मनाई मोडायची आणि वहिनींना सांगायचे. पुंडलिकराव वैद्यकीय तपासणीला गेले होते. डॉक्टरांनी दर आठवड्याला रक्त पाहण्याची अट घातली होती आणि तपासणी करमुक्त होती. वहिनी एकट्या लिहीत होत्या. मी आत गेलो. त्या थंड खोलीत पाऊल टाकताच अर्धा थंडावा माझ्या नावे पडू लागला असेल, हा विचार मनात आला आणि मला आनंद झाला. एवढे तरी मी करू शकत होतो. तासाभराने किती पडला, ते मी नंतर पाहिले. दशांशात होता; घराबाहेरच्या माणसाच्या नावे नाममात्रच पडतो, बाकीचा घरच्यांच्याच.

"वहिनी, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पुंडलिकरावांच्या व्रताबद्दल."

त्यांनी लेखणी ठेवली नाही. "सांगू नका, भावजी."

"पण तुम्हाला ठाऊक नाही..."

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला त्यांच्याशी. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा ते 'शिरा बरा झालाय' म्हणून खायचे. त्या माणसाला एका रात्रीत देव लागेल होय?" त्यांचा आवाज स्थिर होता; थंडाव्यात तो स्थिर राहत असे. "तुमच्याकडून येऊन व्रत म्हणाले, तेव्हाच कळलं मला. मी यंत्र बंद करायला हात उचललाही होता. तेवढ्यात ते समोर येऊन बसले. ती वही दाखवली. कलम एक, कलम दोन. असे खूश होते, भावजी! निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. दोन उन्हाळे नुसते विकत होते, भरत होते, आणि रात्री कूस बदलत होते. आता त्यांना स्वतःच्या अंगातून काहीतरी देता येतंय."

"आणि तुम्ही ते घेता?"

हा प्रश्न क्रूर होता. मी तो विचारला. तो विचारल्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर एक बारीक, केसाळ कणसाचे गवत टाक्यांनी बसवलेले होते. "हे चिखलदऱ्याच्या खाली एका ओढ्यात मिळालं. आता तिथे ओढा नाही. मी लिहिलं नाही तर हे नुसतं गवत. मी घेते, भावजी. रोज घेते, आणि रोज त्यांच्यासमोर भोळी होते. यंत्र बंद केलं तर ते काय आत येऊन बसतील? तसेच उन्हात बसतील, आणि वर हरतील. मला त्यांना हरवायचं नाही." मग जरा वेळाने, "मी भोळी नाही हे त्यांना सांगू नका."

दोघांनी मला एकमेकांविषयी एकच गोष्ट सांगायला मनाई केली होती. मी त्या दोन आज्ञांच्या मध्ये उभा होतो. मला येत असलेल्या कोणत्याही शास्त्रात मला तेथून बाहेर जाण्याची वाट सापडली नाही.

*

अधिक महिना संपला. सांगतेला मी गेलो. पुंडलिकरावांना दोन्ही बाजूंनी धरावे लागले, पण त्यांनी विधी पूर्ण केला. वहिनींचे दीडशे कागद झाले होते. मला आशा होती की महिना संपला तसे हेही संपेल. मृग नक्षत्र निघाले होते. पण आकाश पांढरे आणि कोरडेच राहिले. अधिक ज्येष्ठाच्या पाठोपाठ निज ज्येष्ठ आला, आणि ऊन होते तेथेच होते.

प्रतिपदेला सकाळी ते रिक्षाने माझ्याकडे आले. उंबरा ओलांडताना मी हात दिला; त्यांचा हात इतका हलका झाला होता की मी दचकलो.

"निज महिन्यात काय असतं, शास्त्रीबुवा?"

"काही नसतं."

"असं कसं? तुमच्याकडे तर तिथीगणिक काहीतरी असतं."

"मी सांगणार नाही."

ते खुर्चीवर बसले. श्वास सावरायला त्यांना वेळ लागला. "नाही सांगितलं तर मी व्रताशिवायच करीन. लोक विचारतील. तिला विचारावं लागेल. मग तिला माझ्याशी खोटं बोलत बसता येणार नाही." 

मी त्यांच्याकडे पाहिले.

"म्हणजे तुम्हालाही..."

"ती काय उत्तम नाटक करते असं वाटतं का तुम्हाला?" ते हसले. "चव्वेचाळीस वर्षं, शास्त्रीबुवा. पण ती एवढं जपतेय, तर मीही जपतो. तुम्ही मध्ये पडू नका. व्रत तेवढं द्या."

दारात ऊन पसरत होते. मग मी म्हणालो, "देईन. पण त्यात दूध असेल. रोज, एक पेला."

"परवडत नाही. महिन्याला नऊ मात्रा जातात."

"रात्री थोड्या निवू लागल्या आहेत. खोलीचं काहीतरी सुटेल."

त्यांच्या डोळ्यांत जुना अधिकारी जागा झाला. "बारा सुटतील असा माझा अंदाज आहे. पण त्या हाताशी ठेवायच्या आहेत. पाऊस लांबला तर?"

"अर्धा पेला. आणि चार खजूर."

"दोन."

"तीन. आणि गाईला एकच घास. बोटांत मावेल एवढा."

"हे तुम्ही आत्ता बनवताय."

"हो," मी म्हणालो. "आत्ता बनवतोय."

त्यांनी वही काढली. मी सांगत गेलो तसे ते लिहीत गेले: दूध अर्धा पेला, खजूर तीन, गोग्रास बोटांत मावेल एवढा, दुपारी दोन तास आतल्या खोलीत विश्रांती. त्या शेवटच्या कलमावर ते अडले. मी एक तास केला. त्यांनी मान्य केले. असे व्रत कोणत्याही ग्रंथात नाही. बहात्तर वर्षांत मी एकही अक्षर पदरचे घातले नव्हते. त्या दिवशी संपूर्ण व्रत पदरचे घातले, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुरेसे घालता आले नाही, एवढेच दुःख आहे.

त्यांनी तळहात पुढे केला. त्यावरच्या रेषा आता खोल गेल्या होत्या. मी पळीने पाणी घातले, आणि संकल्पाच्या शब्दांमागून माझ्या तोंडून जे आले ते मंत्र नव्हते, पण ते मी पूर्ण म्हटले.

पुंडलिकराव, तुमच्या अंगात जे उरले आहे ते तुम्हाला पुरो. कुमुदवहिनी, तुमचे हात उद्याही वळोत, आणि परवाही. त्या कार्यालयातल्या बाईच्या सासूला आज भूक लागो. ज्यांनी हा कायदा सद्भावाने केला आणि ज्यांनी त्याला शब्द दिले, त्यांना क्षमा मिळो. आणि जे कोणी आज आपल्या ताटातले उचलून दुसऱ्यासाठी ठेवत असतील, त्यांना कोणीतरी पाहो. त्या सर्वांचे कल्याण असो.